एस्तेर बहिनी

एस्तेरबाई बोलता बोलता मध्येच थांबायच्या. अर्ध्या वाक्यावर. हातातला चहाचा कप तसाच, मान किंचित डावीकडे कललेली. मग वळून मागं बघायच्या. मागं कोणी नसायचं. नव्या रायपुरातल्या आमच्या कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर मागं कोणी असण्याचा संभवच कमी होता. निम्म्या खोल्यांची कुलपं अजून उघडली नव्हती, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं आणि खिडकीतून पाहिलं तर सहा पदरी रस्ता रिकामा पडलेला दिसायचा. तासाला एखादी बस, दोन-चार गाड्या, बाकी नुसतं ऊन.

त्या मजल्यावर एक लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना खोल्या, त्यामुळे त्याला खिडकी नाही. माणूस आलं की आपोआप लागणारे आणि माणूस गेलं की विझणारे दिवे तिथं बसवले होते. भर दुपारी बारा वाजता तो बोळ काळा असायचा. कधी कधी पार टोकाचा दिवा लागायचा. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्याही अलीकडचा. आणि तिथंच थांबायचं. चालत आलेलं कोणी दिसायचं नाही. मी बिजलीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "छिपकली होगी, मैडम."

तो दिवा लागला की एस्तेरबाई उठून उभ्या राहायच्या. साहेब आत आल्यावर आपण राहतो तशा.

हे सगळं नंतरचं. मी त्यांना ओळखायला लागले ती छत्तीसगढ राज्य नवीन झालं तेव्हा. कार्यालय अजून जुन्या शहरात, एका जुनाट इमारतीत होतं. मी आवक-जावक सांभाळायची, त्या लघुलेखिका. एस्तेर साळवे. माहेर-सासर एकच, कारण लग्न केलंच नाही. वडील वऱ्हाडात मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, ते बदलून इकडे आले आणि इथंच वारले. बाई बूढ़ापारा नावाच्या मोहल्ल्यात राहायच्या, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायची. पण त्यांच्याशी मराठी बोलणं म्हणजे परीक्षाच होती.

"बाई, मले जरा आज लवकर जायचं आहे."

"मला."

"हो, तेच. मले."

"'मला', कुंदा. आपण शिकलेल्या बायका आहोत."

पांढरी इस्त्रीची साडी, मनगटावर आत वळवलेलं घड्याळ, चष्म्याला काळी दोरी. त्यांनी टाइप केलेल्या कागदात कधी खाडाखोड दिसली नाही. एकदा एका साहेबांना पाहणीचा अहवाल हवा होता. साहेब त्या गावी गेलेच नव्हते. बाईंनी वही बंद केली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, आप गए नहीं थे. 'मैंने स्वयं देखा' ये मैं नहीं टाइप करूँगी." साहेबांनी तो कागद दुसऱ्याकडून करून घेतला. पण त्या दिवसापासून चपराशीसुद्धा त्यांच्या टेबलापुढून जाताना चपला घासत नसे. मलाही त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनाही वाटला असावा. दिवसभर मान ताठ होती.

आमच्या पाऱ्यातलं छोटं कौलारू चर्च हे त्यांचं खरं घर. तिथल्या समितीच्या त्या चिटणीस होत्या आणि दर रविवारी बाजा, म्हणजे पेटी, वाजवायच्या. पाळक होते प्रभुदास म्हणून, छत्तीसगढी खेड्यातले, रुंद, काळेसावळे. आवाज असा की खालच्या गल्लीत आम्हाला घरी बसून उपदेश ऐकू यायचा. ते हिंदीत सुरू करायचे आणि रंगले की छत्तीसगढीत शिरायचे. भनपुरीच्या कारखान्यांतले मजूर, त्यांच्या बायका, यांना पुढच्या बाकांवर बसवायचे. बाईंना 'एस्तेर बहिनी' म्हणून लांबून हाक मारायचे. मराठीतली वहिनी नव्हे. त्यांच्या बोलीत बहिणीला बहिनी म्हणतात.

"मी त्यांची बहीणबिहीण नाही," बाई बसमध्ये मला म्हणायच्या. "देवाच्या घरात काही रीत असते. हा माणूस बाजार भरवतो."

मग एक दिवस कळलं की पाळकांना काढून टाकलं. चर्चच्या वरच्या लोकांकडे एक बिननावाचं पत्र गेलं होतं. फुलमत नावाची एक तरुण विधवा होती, वीटभट्टीवर कामाला. पाळक दुपारी तिच्या घरी जातात, दार बंद असतं, असं काहीतरी त्यात होतं. चौकशी झाली न झाली, आठ दिवसांत त्यांचं सामान हातगाडीवर लादलं गेलं. मी आमच्या ओट्यावरून पाहिलं. त्यांची बायको मार्था पुढं चालत होती, डोक्यावरचा पदर दातांत धरून. पाळक मागून गाडी ढकलत होते. चौकात मी उभी दिसले तर हात जोडून म्हणाले, "जय मसीह की, दीदी." तो मोठा आवाज मी शेवटचा ऐकला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये एस्तेरबाई म्हणाल्या, "मंडळीची साफसफाई झाली." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढची काही वर्षं त्या चर्चची कळाच गेली. फुलमतच्या बाजूचे आणि समितीच्या बाजूचे असे दोन तट पडले. एक तट डाव्या बाकांवर बसे, दुसरा उजव्या, आणि मधल्या वाटेतून कोणी कोणाकडे बघत नसे. मजूर यायचे थांबले. नवे पाळक येत आणि सहा महिन्यांत बदली मागत. आणि मग आमचं कार्यालय नव्या रायपुरात गेलं. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यात आम्ही फायलींच्या गाठोड्यांसह त्या चौथ्या मजल्यावर चढलो. त्याच आठवड्यात एस्तेरबाई बोलता बोलता थांबायला लागल्या.

महिनाभर मी काही विचारलं नाही. मग एकदा राहवलं नाही. बोळातला टोकाचा दिवा लागला होता आणि त्या उभ्या होत्या, हात टेबलाच्या कडेवर घट्ट.

"काय झालं बाई? कोण आहे तिकडे?"

"तुला ऐकू येत नाही?"

"काय?"

"हाक."

"कोणाची हाक?"

दिवा विझला. मग खाली बसून म्हणाल्या, "एस्तेर बहिनी म्हणतं कोणीतरी. तेवढंच. रागावून नाही, काही नाही. चौकातून मारावी तशी."

"प्रभुदास पाळकांसारखी?"

"सारखी नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचीच."

मी घरी नवऱ्याला सांगितलं. तो रेल्वेतला, सरळ माणूस. म्हणाला, "डॉक्टरले दाखव म्हणा तिले. कान वाजून राहिले असतील." बाईंनी खरोखरच कान दाखवले. कान ठणठणीत होते.

हिवाळा सरून ऊन तापायला लागलं तेव्हा त्यांनी चर्चमध्ये संजीवन सभा भरवली. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मरगळली की तिच्यात देवानं पुन्हा प्राण ओतावा म्हणून अशा सभा घेतात. त्यांनी ते काम हातात घेतलं म्हणजे त्यात चूक राहणार नव्हतीच. मांडव, कर्णे, बाहेरगावचे नावाजलेले वक्ते, तीन दिवसांचा छापील कार्यक्रम. मला म्हणाल्या, "तीन दिवसांत बघ, कुंदा, कशी जाग येते." मी तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. वक्ते घामाघूम होऊन ओरडत होते, मंडळी हाताच्या कागदानं वारा घेत होती. दोन तट मांडवातही दोन बाजूंना. शेवटी प्रार्थना झाली आणि बाई बाजा वाजवायला लागल्या. गाणं संपलं. पण एक सूर राहिला. त्यांचं बोट एका पट्टीवरून उठेना. डाव्या हातानं भाता चालूच. तो एकच सूर चालला, चालला, लोक एकमेकांकडे बघायला लागले, एक मूल रडायला लागलं. बाईंची मान डावीकडे कललेली होती. शेवटी कोणीतरी जाऊन त्यांचा हात उचलला.

सोमवारी त्या कामावर आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मी संध्याकाळी घरी गेले तर दार उघडंच. बाई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या. मी त्यांना जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. साडी चुरगळलेली, चष्मा हातात.

"माझ्याबरोबर रविवारी चर्चमध्ये येशील?" त्यांनी विचारलं.

"मी? मी काय करू तिथं?"

"काही करू नकोस. मागं बस. मला एकटीनं जायची हिंमत नाही."

पंचवीस वर्षं त्या दारातून ताठ मानेनं जाणारी बाई मला सांगत होती की हिंमत नाही. मी बरं म्हणाले. निघताना मी विचारलं, "अजून येते का हाक?" त्या म्हणाल्या, "मी देवाची खूप कामं केली, कुंदा. सकाळ-संध्याकाळ केली. त्याचं ऐकलं मात्र कधीच नाही. आता तो ज्याच्या तोंडून बोलतोय त्याच्या तोंडून ऐकावं लागेल."

त्या रविवारी मी शेवटच्या बाकावर, दाराशी बसले. बाहेर चपला काढलेल्या होत्या. उपासना सुरू झाली तरी बाज्यावर कोणी नव्हतं. मग बाई आल्या. आत आल्या आणि पुढं गेल्याच नाहीत. दारातच, उंबऱ्याच्या आत, त्या गुडघ्यांवर बसल्या. नवे पाळक बोलायचे थांबले. एकेक करून सगळ्यांच्या माना मागं वळल्या. पंखे फिरत होते आणि तेवढ्यात बिजली गेली. पंखे हळूहळू थांबले. मी माझा श्वास ऐकला.

"ते पत्र मी लिहिलं होतं," एस्तेरबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो कौलांपर्यंत गेला. "मी स्वतः पाहिलं, असं लिहिलं. मी काहीच पाहिलं नव्हतं. फुलमतचं पोरगं तापानं फणफणलं होतं. पाळक प्रार्थनेला जात होते. मले माहीत होतं. त्यांची बोली मले आवडत नव्हती, त्यांनी मजुरांना पुढं बसवलेलं आवडत नव्हतं. म्हणून लिहिलं. मले माफ करा."

मले. माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षात आलं नसेल; बाकीच्यांना मराठी समजायची ती अर्थापुरती. आईच्या पदराआड शिकलेली बोली पन्नास वर्षांनी त्यांच्या तोंडून बाहेर पडत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मला वाटलं, आता हे लोक उठतील आणि हिला बाहेर काढतील. डाव्या बाकांवरून एक बाई उठली. फुलमतच होती ती. केस पांढरे व्हायला लागलेले. ती मधल्या वाटेनं चालत आली आणि बाईंच्या पुढ्यात उभी राहिली. मारते की काय, असं मला वाटलं.

"बाबा मेर गे रहे का?" तिनं विचारलं. पाळकबाबांकडे गेली होतीस का?

बाईंनी मान हलवली. नाही.

"त पहिली ओखर मेर जा, बहिनी," फुलमत म्हणाली. आधी त्याच्याकडे जा. आणि ती तिथंच बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. माफ केलं असं म्हणाली नाही. नुसती बसली.

मग जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. उजव्या बाकांवरचे एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले की आपल्याला ठाऊक होतं, पत्र खोटं आहे, आणि आपण गप्प बसलो. ते खाली बसले, बाकावर नाही, जमिनीवर. मग त्यांची सून उठली. मग आणखी कोणी. ओरडणं नाही, रडणंही फार नाही. नुसती माणसं बाकांवरून उतरत होती, एकामागून एक, आणि बाक रिकामे होत होते. गाणं नव्हतं, उपदेश नव्हता. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत गेली. कोणाला घरी जायचं सुचत नव्हतं. मी हिंदू बाई, त्यांच्या देवाशी माझं देणंघेणं नाही. पण त्या खोलीत आमच्यापेक्षा एक जण जास्त आहे असं मला स्पष्ट वाटत होतं, आणि मी मान वर करून मोजायला घाबरले. मीही कधी खाली बसले, ते आठवत नाही.

त्यानंतर महिनाभर त्या पाऱ्यात लोक एकमेकांच्या घरी जात होते. कोणी कोणाची भांडणं मिटवत होतं, कोणी नुसतं दारात उभं राहून बोलून परत येत होतं. मजूर परत आले. बाक भरले. ज्यासाठी मांडव घातला होता ते मांडवाशिवाय आलं. एस्तेरबाईंना मात्र त्याचा मान मिळाला नाही. समितीनं त्यांचं चिटणीसपद काढलं, बाजा दुसऱ्या मुलीकडे गेला. काही जण त्यांना कायमचं काढा म्हणत होते. बाई म्हणाल्या, "झाडू तरी द्या." शनिवारी त्या चर्च झाडायच्या. त्यात मला दिखावा दिसतो का, म्हणून मी एकदा मुद्दाम पाहायला गेले. त्या बाकांखाली पालथ्या पडून कोपऱ्यातला कचरा काढत होत्या, आणि मी आले हे त्यांना कळलंही नाही.

भनपुरीला आम्ही तिघी गेलो. फुलमतनं वाट दाखवली. ट्रकांच्या रांगा, लोखंडाचा खणखणाट, अंगावर बसणारी काळी धूळ. प्रभुदास पाळक तिथं ट्रक तोलायच्या काट्यावर पावत्या लिहायला लागले होते, असं कळलं होतं. मागच्या बाजूच्या एका खोलीचं दार मार्थानं उघडलं. बाईंना पाहून तिचा चेहरा दगड झाला. पण फुलमतला पाहून ती बाजूला झाली.

पाळक खाटेवर उशांना टेकून बसले होते. ते रुंद शरीर अर्धं उरलं होतं. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. बाई त्यांच्या पायाशी बसल्या आणि चर्चमध्ये बोलल्या तेच सगळं पुन्हा बोलल्या, हिंदीत, काही न गाळता. ते बघत होते. डोळे मात्र पूर्वीचेच, मोठे. बाई थांबल्या. उत्तराची वाट बघत राहिल्या.

"वो बोल नहीं सकते," मार्था म्हणाली. "लकवा मार गया. आवाज चली गई."

"कब?" मी विचारलं.

"दीवाली के बाद वाले हफ्ते में."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर एक ट्रक काट्यावर चढला आणि खोलीतली भांडी किणकिणली.

परतीच्या वाटेवर त्या एकदाही थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत. पुढं दोन आठवड्यांनी मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नाही. आता हाक येत नाही."

"बरं वाटून राहिलं असेल."

"एकटं वाटून राहिलं, कुंदा," त्या म्हणाल्या. माझ्या बोलीत.

"त्यांनी माफ केलं असेल का?"

"माहीत नाही. ते सांगू शकत नाहीत. मी विचारू शकत नाही. आता देवाच्या हाती दिलं. माझ्या हाती होतं तेव्हा मी काय केलं ते तू ऐकलंच आहेस."

निवृत्तीला त्यांची दोन वर्षं होती, पण त्यांनी आधीच अर्ज दिला. रोज सकाळी भनपुरीला जायला लागल्या. मार्थानं पहिले काही महिने त्यांना आत घेतलं नाही. त्या बाहेर पायरीवर बसायच्या, आणि मार्था पाण्याला गेली की दारातून पाळकांवर लक्ष ठेवायच्या. मग मार्थाचीच कंबर धरली आणि दार उघडं राहायला लागलं. मार्था त्यांच्याशी बोलत नसे. हवं-नको भिंतीकडे बघून सांगायची, "पानी गरम होना चाहिए," असं. बाई पाणी गरम करायच्या.

माझ्या नवऱ्याची नोकरी संपली आणि आम्ही नागपूरला मुलाकडे जायचं ठरवलं. निघायच्या आधी भेटावं म्हणून मी भनपुरीला गेले. सकाळचे दहा-अकरा असतील. धुळीनं ऊन पिवळं झालं होतं. दार लोटलेलं, जाळीतून आतलं दिसत होतं.

एस्तेरबाई पाळकांसमोर जमिनीवर बसल्या होत्या. पाळकांचे दोन्ही पाय एका पातेल्यात होते आणि बाई वाकून ते धूत होत्या, बोटांच्या मधून, हळू. मी जाळीवर हात ठेवला, एवढ्यात पाळकांचा चालता डावा हात उठला. तो वर हवेत थरथरला आणि बाईंच्या डोक्यावर आला. मला वाटलं, आशीर्वाद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बोटं मिटली. बाईंचे पांढरे केस मुठीत धरून ती मूठ आवळत गेली, इतकी की मनगटाची शीर वर आली आणि बाईंची मान एका बाजूला ओढली गेली.

"छोड़ो जी!" कोपऱ्यातून मार्था ओरडली. बाईंकडे बघून ती पहिल्यांदा बोलली असेल: "दीदी, हाथ छुड़ा लो."

"राहू द्या," एस्तेरबाई म्हणाल्या.

त्यांनी हात वर केला नाही. मान सोडवली नाही. पाळकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि बाईंच्या डोक्यावरून ते थेट माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग होता की माया, मला वाचता आलं नाही. मूठ सुटत नव्हती. बाईंनी डोळे मिटले आणि चाचपडत पातेल्यातला दुसरा पाय हातात घेतला.

मी दार न वाजवता पायरी उतरले.